कराटेच्या वर्गात नाव घालण्यापूर्वी कारण कसे ठरवावे

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सोलापुरातील कराटेच्या वर्गांत नवी मुले येऊ लागतात आणि बहुतेक पालक प्रथम फी विचारतात, मग ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल हे विचारतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी घरी बसून आपल्याला कराटे कशासाठी शिकायचे आहे हे ठरवावे, कारण वर्गाची निवड त्यावरच अवलंबून असते.

मुलींचे पालक बहुधा स्वसंरक्षणाचे कारण सांगतात, आणि ते योग्यच आहे. मात्र स्पर्धेतील कुमितेमध्ये, म्हणजे दोन खेळाडूंच्या लढतीत, फटका नियंत्रित ठेवून गुण मिळवायचे असतात, समोरचा खेळाडूही नियम पाळतो आणि पंच केव्हाही लढत थांबवू शकतात. रस्त्यात कोणी मागून मनगट किंवा केस धरले तर यांपैकी काहीही नसते. म्हणून पकड सोडवणे, अंतर राखणे, मोठ्याने ओरडणे आणि संधी मिळताच तेथून निघून जाणे यांचा जोडीदारासोबत सराव होतो का, हे सरांना स्पष्ट विचारावे. नुसते हवेत मारलेले ठोसे या कामी पुरेसे पडत नाहीत.

मूल चंचल आहे, त्याला शिस्त लागावी, असे कारण असेल तर कातावर भर देणारा वर्ग पाहावा. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या बचावाच्या आणि प्रहाराच्या हालचाली. विसाव्या शतकाच्या आरंभी कराटेगुरू इतोसू आंको यांनी जपानमधील ओकिनावाच्या शाळांमध्ये कराटे नेले, तेव्हा मुलांना झेपतील असे पाच काता त्यांनी रचले. कराटेच्या शोतोकान शैलीत तेच आज हेइआन या नावाने शिकवले जातात. एकच काता महिनोन्‌महिने घोटताना मुलाला आपली चूक स्वतः शोधण्याची सवय लागते, आणि हा लाभ मला पदकापेक्षा मोठा वाटतो. दर दोन महिन्यांनी बेल्ट बदलणाऱ्या वर्गात ही सवय लागायला वेळच मिळत नाही.

स्पर्धेसाठी शिकणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, कराटे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये होते, पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नव्हते. आशियाई क्रीडा स्पर्धांत मात्र ते १९९४ पासून आहे.

चाळिशीनंतर प्रकृतीसाठी येणाऱ्यांनी गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत, सोलापूरचा पारा चाळीस अंशांपुढे जातो तेव्हा, पहाटेचीच तुकडी निवडावी.

कारण ठरल्यावर एक पूर्ण तास वर्ग बाहेर बसून पाहावा. चुकणाऱ्या मुलाशी सर कसे बोलतात, इकडे विशेष लक्ष द्यावे. घरी परतताना मुलालाही विचारावे की त्याला स्वतःला कशासाठी शिकायचे आहे. त्याचे कारण आपल्याहून वेगळे निघाले, तर वर्ग त्याच्या कारणाप्रमाणे निवडावा.