वेटिंग संक्रमणाचे सिम्युलेशन: पट्टीची लांबी रुंदीच्या वर्गाने ठरवा

भिंतीला चिकटलेली, दोन अवस्थांमधली सीमारेषा कधी सुटते, म्हणजेच वेटिंग संक्रमण (भिंत ‘भिजणे’) कधी होते, हे शिकायला द्विमितीय आयझिंग मॉडेल उत्तम: चौकटींच्या जाळीवर +१ किंवा −१ असे स्पिन, शेजाऱ्यांशी जुळवून घेऊ पाहणारे. इथे उत्तर आधीच ठाऊक आहे. भौतिकशास्त्रज्ञ अब्राहम यांनी ते १९८० मध्ये काटेकोर काढले. स्पिनांमधली जोडणी आणि बोल्ट्झमन स्थिरांक १ धरा. तापमान त, भिंतीवरचे चुंबकीय क्षेत्र ह. मग संक्रमणबिंदूवर (कॉश, साइन्ह ही हायपरबोलिक फलने, एक्सप घातांकी)

कॉश(२ह/त) = कॉश(२/त) − एक्सप(−२/त) × साइन्ह(२/त)

त = २ असताना उजवी बाजू १.१११ येते, म्हणून ह ≈ ०.४६६. हा आकडा निघाला नाही तर दोष प्रोग्रामचा. तापमान २.२६९ च्या, म्हणजे ज्याच्या वर मॉडेलचे चुंबकत्व नाहीसे होते त्या क्रांतिक तापमानाच्या, फार जवळ नेऊ नका. तिथे मूळ पदार्थातलेच चढउतार पट्टीच्या रुंदीएवढे होतात.

स्पिनांची पट्टी आडवी घ्या: लांबी आडवी, रुंदी उभी. आडव्या दिशेत टोके एकमेकांना जोडा, उभ्या दिशेत मोकळी ठेवा. वरच्या ओळीवर +ह, खालच्या ओळीवर −ह. या दोन ओळींतल्या स्पिनला शेजारी तीनच असतात. सवयीने चार मोजले गेले, की वरची ओळ खालच्या ओळीला जोडली जाते आणि सगळे निकाल वाया जातात.

आता खरी मेख. सीमारेषेचे आडवे सहसंबंध (तिचे चढउतार किती अंतरापर्यंत एकमेकांशी जुळतात) उभ्या सहसंबंधांच्या वर्गाने वाढतात. म्हणून रुंदी १६, २४, ३२ घेतली तर लांबी २५६, ५७६, १०२४ हवी. लांबी याहून फार जास्त ठेवली तर रेषा काही भागात वरच्या, काही भागात खालच्या भिंतीला चिकटते. चुंबकन (सर्व स्पिनांची बेरीज) सरासरीत शून्याकडे जाते आणि भिंत भिजण्याआधीच भिजल्यासारखी दिसते.

ह ०.४० ते ०.५३, पायरी ०.०१. प्रत्येक ठिकाणी प्रति स्पिन चुंबकनाच्या निरपेक्ष मूल्याची सरासरी काढा. क्षेत्र कमी असताना रेषा एका भिंतीशी असते, म्हणून सरासरी मोठी. जास्त असताना रेषा मधे भटकते, म्हणून लहान. लांबीचे प्रमाण वर्गाचे असेल तर तिन्ही रुंदींचे आलेख एकाच बिंदूपाशी छेदतात. छेद सरकत असेल तर सर्वांत अरुंद पट्टी वगळा.

घाई मात्र महागात पडते. मेट्रोपोलिस पद्धतीत (एकेक स्पिन उलटवून पाहणारी यादृच्छिक पद्धत) संपूर्ण रेषा सरकण्याचा वेग लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे लागणारे स्वीप (एका स्वीपमध्ये प्रत्येक स्पिनला सरासरी एक संधी) साधारण रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतात: १६ ला सुमारे ६५ हजार, ३२ ला दहा लाख. हा एकदा भिंत बदलण्याचा काळ झाला. मोजमापाला असे किमान शंभर हवेत. चुंबकनाचा वेळेनुसार आलेख काढा. छेदबिंदूजवळ तो दोन्ही चिन्हांत वारंवार ये-जा करत नसेल तर ती सरासरी वापरू नका.