क्रूझवर पैसे कसे वाचवावेत? बिल जहाजावर चढण्याआधीच कापा

क्रूझचं भाडं भरलं की खर्च संपला, असं मला पहिल्या खेपेला खरंच वाटलं होतं. राहणं त्यात, जेवण त्यात, रात्रीचे कार्यक्रम त्यात, मग खर्च उरतोच कुठे? सातव्या रात्री केबिनच्या दाराखालून एक लांबलचक कागद आत सरकला आणि मला कळलं. भाड्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यानंतर बऱ्याच क्रूझ झाल्या आणि या विषयावरचे सल्लेही बरेच वाचले. 'बुफेतली फळं खिशात घाला', 'कपडे बेसिनमध्ये धुवा' असल्या चिल्लर उपायांनी चार पैसे वाचतात आणि सुट्टीचा विचका होतो. मोठा पैसा चार-पाच ठिकाणीच जातो. ती ठिकाणं घरी बसून बंद करायची आणि मग जहाजावर मजेत राहायचं.

बुकिंग

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त. फक्त झोपायलाच आत येणार असाल तर तीच घ्या. बंद खोलीत जीव गुदमरत असेल तर मात्र इथे काटकसर नको. 'गॅरंटी' नावाची केबिन आणखी स्वस्त मिळते. तिच्यात प्रकार तुम्ही निवडता, पण खोली कुठली द्यायची ते कंपनी ठरवते. कधी ती नाचाच्या हॉलखाली निघते, म्हणून झोप सावध असेल त्याने ती घेऊ नये. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं. उलट त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला खूप कमी.

तारखा बदलता येत असतील तर दोन गोष्टी पाहा. वसंतात जहाजं कॅरिबियनमधून युरोपकडे जातात आणि शरदात परततात. त्या एकेरी फेऱ्यांचं रोजचं भाडं फार कमी असतं. मात्र अटलांटिक ओलांडताना सलग सहा-सात दिवस पाण्याशिवाय काही दिसत नाही आणि परतीचं विमान तुमच्या खर्चाने. दुसरी गोष्ट, कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो. त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाडी उतरतात. वादळ आलं तर कंपनी मार्ग बदलते आणि ठरलेलं बंदर हुकलं म्हणून भाडं परत देत नाही. हे आधी मान्य असेल तरच जा.

बुक केल्यावर डोळे मिटून बसू नका. शेवटचा हप्ता भरेपर्यंत दर आठवड्याला त्याच केबिनचा दर पाहा. उतरलेला दिसला की लगेच फोन करा. बऱ्याच कंपन्या फरक देतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पेयांचं पॅकेज (इथेच मी बुडाले)

बुकिंग झालं की ईमेल सुरू होतात: 'अमर्याद पेयं, फक्त इतके डॉलर रोज.' या एका निर्णयावर मी तीन क्रूझ चुकत राहिले. पहिल्या वेळी पॅकेज घेतलं नाही आणि सुटे ग्लास मागवत बसले. दुसऱ्या वेळी घाबरून घेतलं आणि त्याहून जास्त पैसे घालवले. तिसऱ्या वेळी जहाजावर चढल्यावर घेतलं, म्हणजे सर्वांत महाग दराने.

दुसऱ्या वेळची गोष्ट सांगते. मी आणि ताई एका केबिनमध्ये होतो. मला पॅकेज हवं होतं. ताई चहा आणि पाणी सोडून कशाला हात लावत नाही. पण बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं तर तिथल्या सर्व प्रौढांनी घ्यायचं. एकाने घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं, हे थांबवण्यासाठी हा नियम आहे. आम्ही दोघींचं घेतलं. शेवटच्या दिवशी ताई म्हणाली, "मी आठवडाभर पाणीच प्यायले गं, आणि ते फुकटच होतं."

आता हिशेब कसा करायचा ते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या कंपनीचे घाला.

समजा पॅकेज दिवसाला ७० डॉलर. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क चढतं, जे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं. झाले ८२.६० डॉलर. केबिनमध्ये दोघं म्हणजे दिवसाला १६५.२० आणि सात दिवसांचे १,१५६.४०. आता दुसरी बाजू. समजा एक कॉकटेल १३ डॉलरचं. त्यावरही तेच १८ टक्के, म्हणजे १५.३४. ८२.६० ला १५.३४ ने भागा. उत्तर साडेपाचच्या आत-बाहेर येतं, म्हणजे प्रत्येकाने रोज सहा ग्लास प्यायले तर पैसे वसूल. रोज, सातही दिवस. आणि जोडीदार पीत नसेल तर तुम्हाला एकट्याला अकरा. हा आकडा पाहिल्यावर मी स्वतःला विचारलं की मला सुट्टी हवी आहे की नोकरी.

इथे लोक आणखी एक चूक करतात. ते समुद्रावरच्या दिवसाचा हिशेब करतात, जेव्हा सकाळपासून जहाजावरच्या पोहण्याच्या तलावाकाठी पडून राहायचं असतं. पण पॅकेजचे पैसे बंदराच्या दिवशीही कापले जातात, आणि त्या दिवशी तुम्ही सकाळी उतरून संध्याकाळी परत येता. सातांपैकी चार दिवस बंदरांचे असतील तर पॅकेज परवडणारा माणूस विरळा. म्हणून आधी वेळापत्रक उघडा, समुद्रावरचे दिवस मोजा, मग पॅकेजकडे पाहा.

अटीही वाचा. पॅकेजला प्रति ग्लास किमतीची मर्यादा असते, तिच्यावरचं काही मागवलं तर फरक तुमच्या खात्यावर. काही ठिकाणी दिवसाला १५ मद्यांची मर्यादा असते. केबिनमधल्या छोट्या फ्रिजमधल्या बाटल्या सहसा पॅकेजमध्ये येत नाहीत. कंपनीच्या खासगी बेटावर पॅकेज चालतं की नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

माझं मत स्पष्ट आहे. रोज सहा ग्लास पिणारे तुम्ही नसाल तर मद्याचं पॅकेज घेऊ नका. फक्त शीतपेयं आणि कॉफी आवडत असेल तर त्यांचं वेगळं, स्वस्त पॅकेज असतं, तेही याच भागाकाराने तपासा. साधी कॉफी, चहा, पाणी आणि बुफेतली सरबतं सहसा भाड्यातच येतात. पुष्कळ कंपन्या पहिल्या दिवशी चढताना प्रत्येक प्रौढाला वाइनची एक ७५० मिलिलिटरची बाटली सोबत नेऊ देतात. ती केबिनमध्ये प्यायली तर सहसा वेगळे पैसे पडत नाहीत, जेवणाच्या टेबलावर नेली तर बूच काढण्याचं शुल्क लागू शकतं. कपड्यांच्या बॅगेत बाटल्या लपवून नेण्याची युक्ती सुचवणाऱ्यांचं ऐकू नका. बॅगा यंत्रातून जातात, बाटली जप्त होते आणि बॅग उशिरा मिळते ती वेगळी.

घ्यायचंच ठरलं तर प्रवासाआधी कंपनीच्या साइटवरून घ्या. तिथला दर जहाजावरच्या दरापेक्षा जवळपास नेहमीच कमी असतो. पुष्कळ ठिकाणी निघण्याआधी पॅकेज रद्द करून पैसे परत मिळतात. म्हणून भाव उतरला की जुनं रद्द करायचं आणि नवं घ्यायचं. इंटरनेट आणि वेगळे पैसे घेणाऱ्या खास रेस्टॉरंटची जेवणं यांनाही हेच लागू. तसं पाहिलं तर खास रेस्टॉरंट एक रात्र ठीक आहे. बाकी रात्री मुख्य भोजनगृहात दोन स्टार्टर मागितले तरी कोणी बिल लावत नाही.

फोन

जहाज किनारा सोडण्याआधी एअरप्लेन मोड लावा आणि उतरेपर्यंत काढू नका. वायफाय त्या मोडमध्येही चालू करता येतं. जहाजावर उपग्रहाशी जोडलेलं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि तुमचा फोन ते आपोआप पकडतो. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही. पडद्यावर 'मेरीटाइम' किंवा 'ॲट सी' असं काही दिसलं तर समजा की मीटर पडलाय. इंटरनेटचं पॅकेज एका उपकरणाचं घ्या. एका फोनवरून लॉग-आउट करून दुसऱ्यावर लॉग-इन सहसा करता येतं, तेवढ्यावर दोघांचं भागतं.

बंदरावरच्या सहली

जहाजाच्या काउंटरवरची सहल आणि बाहेरच्या गाइडची तीच सहल यांच्या किमतीत मोठा फरक असतो. तरी 'कधीच कंपनीची सहल घेऊ नका' हा सल्ला मूर्खपणाचा आहे. कंपनीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमची टॅक्सी उशिरा आली तर जहाज निघून जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचं तिकीट तुम्ही काढायचं. माझा नियम असा: गाव धक्क्यापासून चालत जाण्याजोगं असेल तर एकटी जाते. दोन तास गाडीने जायचं असेल तर कंपनीचे पैसे मुकाट भरते. मधल्या अंतराला बाहेरचा गाइड, आणि 'सर्वांनी चढा' या वेळेच्या किमान दीड तास आधी परत.

घड्याळाची भानगड मात्र नीट समजून घ्या. काही जहाजं प्रत्येक बंदरात स्थानिक वेळ लावतात, काही आठवडाभर आपलीच वेळ चालवतात. फोन किनाऱ्यावर गेला की आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. एकदा मी निवांत कॉफी पीत बसले होते आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचं मनगटी घड्याळ माझ्या फोनच्या एक तास पुढे होतं. ते जहाजाची वेळ पाळत होते. धक्क्यापर्यंत मी जशी धावले तशी शाळेतही धावले नव्हते. तेव्हापासून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवते.

काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीने जावं लागतं. तिथे कंपनीच्या सहलीवाले आधी उतरतात. बाहेरच्या गाइडला त्या हिशेबाने उशिराची वेळ द्या.

टॅक्सी धक्क्याच्या फाटकातच ठरवू नका, थोडं पुढे चालत गेल्यावर भाव उतरतो. जहाजावर 'बंदरात कुठे खरेदी करावी' असं व्याख्यान असतं. त्यात शिफारस केलेल्या दुकानांनी त्या शिफारशीचे पैसे मोजलेले असतात. त्या व्याख्यानाच्या वेळी झोपा खुशाल.

खातं

जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड चालतं. हात सैल सुटतो तो त्यामुळेच. खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. जहाज अंदाजाने रक्कम अडवून ठेवतं आणि तुमचेच पैसे काही दिवस तुम्हाला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड जोडा, किंवा सुरुवातीलाच काउंटरवर रोख भरा. शिस्त नसेल त्याला रोख उत्तम.

काही जहाजांवर बिल तुमच्या देशाच्या चलनात घेण्याची सोय 'सोयीसाठी' आधीच चालू असते. ती बंद करून घ्या, त्यांचा विनिमय दर तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो.

बक्षिशी बहुतेक जहाजांवर रोज, माणशी, आपोआप लागते. ती काढून टाका असं सांगणारे सल्ले मला संतापजनक वाटतात. तुमची खोली रोज आवरणाऱ्या माणसाची कमाई त्यात असते. ती हवी तर आधी भरा. वाचवायचं ते दुसरीकडे: बारच्या पावतीत १८ ते २० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं आणि खाली 'जादा टिप' अशी रिकामी ओळ असते. त्या ओळीवर आडवी रेघ मारा. मी दोन क्रूझ तिथे प्रत्येक पावतीवर दुसऱ्यांदा टिप लिहीत होते.

बाकीचं थोडक्यात. स्पा बंदराच्या दिवशी स्वस्त असतो, मालिशनंतर क्रीम विकायला येतील, नाही म्हणा. फोटो कितीही काढू द्या, विकत एकच घ्या. चित्रांच्या लिलावात फुकट शॅम्पेन प्या आणि हात वर करू नका. डोकेदुखीच्या गोळ्या घरून न्या. जहाजावरच्या डॉक्टरचं बिलही याच खात्यावर चढतं आणि घरचा आरोग्यविमा बहुतेक वेळा तिथे चालत नाही, म्हणून प्रवासविमा ही एक गोष्ट कापू नका. 'ऑनबोर्ड क्रेडिट', म्हणजे जहाजावर खर्चायला तुमच्या खात्यात आधीच जमा केलेली रक्कम, मिळालं असेल तर ते परत मिळणारं आहे की नाही ते विचारा. परत मिळणारं नसेल तर संपवल्याशिवाय उतरू नका.

रोज रात्री झोपण्याआधी ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर खातं पाहा, दोन मिनिटं लागतात. न घेतलेलं पाणी, दुसऱ्याच्या केबिनचा मसाज, असं काहीतरी हमखास सापडतं. ते त्याच रात्री काउंटरवर जाऊन काढून घ्या. शेवटच्या सकाळी तिथे लांबलचक रांग असते आणि तोवर तुमच्या बॅगा खाली गेलेल्या असतात.