जुन्या घरातील कुबट वास घालविताना

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीपासून खानापूरपर्यंतच्या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतींच्या जुन्या कौलारू घरांत गणपतीपर्यंत कुबट वास ठाण मांडून बसतो. धूप आणि कापूर यांनी तो तासभर झाकला जातो, इतकेच. हा वास मुख्यतः बुरशीचा असतो आणि बुरशी ओलीवर वाढते. त्यामुळे ओल कोठून येते हे कळल्याशिवाय रंगावर पैसे घालू नयेत.

त्यासाठी भिंतीचे पोपडे खरवडून हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाणी कागदाच्या आतल्या बाजूला जमले तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवाच दमट आहे.

भिंत वरून ओली होत असेल तर फुटकी व सरकलेली कौले आणि पन्हळ पाहावी. खालून होत असेल तर बहुधा परसातली माती जोत्याच्या वर चढलेली असते किंवा पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशीच मुरत असते. माती उकरून जोते मोकळे करावे आणि पाणी चर काढून दूर न्यावे. अशा भिंतींवर अलीकडे सर्रास सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला जातो, तो माझ्या मते मूळ दुखण्यापेक्षा वाईट उपाय आहे, कारण भिंतीत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आणखी वर चढते आणि काही काळाने गिलावा फुगून त्यामागून तोच वास येऊ लागतो. सिमेंटचा थर काढून चुन्याचा गिलावा करावा व वर चुनाच द्यावा. चुना भिंतीला सुकू देतो आणि तीव्र अल्कधर्मी असल्याने बुरशीला वाढू देत नाही. कळीचा चुना विझवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. रात्रभर ठेवून, गाळून, पातळ करून, भिंत किंचित ओली असताना दोन-तीन हात द्यावेत.

शहाबादी फरशीवर बुरशी घालवण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबू वापरू नये. ती चुनखडीची असल्याने आम्लाने झिजते. साबणाचे पाणी आणि ब्रश पुरेसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

वास न्हाणीतून आणि गटारासारखा येत असेल तर कारण साधे असते: न वापरलेल्या न्हाणीच्या सांडपाणी जाळीखालच्या वाकड्या नळीतले, गटाराचा वास अडवणारे पाणी आटलेले असते. बादलीभर पाणी ओतावे.

माळ्यावर वटवाघळांची लेंडी असल्यास मास्क बांधून, पाणी शिंपडून मगच झाडावे.

निपाणीकडे एकेकाळी तंबाखू साठवलेल्या खोल्यांचा वास मात्र निराळा. तो लाकडात आणि जुन्या चुन्यात मुरलेला असतो. तुळया व कपाटे साबणाने पुसून वाळवावीत, सैल झालेला चुना खरवडून टाकावा आणि नवा द्यावा. खिडक्या पावसाच्या भरात उघडू नयेत. ऑक्टोबरचे ऊन पडले की गाद्या, घोंगड्या आणि ट्रंकेतले कपडे बाहेर काढावेत, खिडक्या दुपारी समोरासमोर उघड्या ठेवाव्यात आणि कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवून ठेवावे.