कुलसचिवपदासाठी अर्ज करताना अनुभवाचा तक्ता कसा भरावा

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठाचा कुलसचिव म्हणजे तिथला मुख्य प्रशासकीय अधिकारी. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार त्याची मुदत 5 वर्षांची. अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद या तिन्हींचा तो सचिव, आणि विद्यापीठाचे अभिलेख नि मुद्राही त्याच्याच ताब्यात. या पदासाठी लायक माणसाचा अर्जही छाननीत बाद होऊ शकतो. अनुभव खरा असतो, पण तो सिद्ध करणारा कागद जोडलेला नसतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात. अनुभवाचे मुख्य मार्ग असे: सहायक प्राध्यापक म्हणून शैक्षणिक स्तर (म्हणजे अध्यापकांचा वेतनस्तर) 11 किंवा त्यावर 15 वर्षे, किंवा स्तर 12 व त्यावर 8 वर्षे आणि सोबत शैक्षणिक प्रशासनाचा अनुभव, किंवा 15 वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली 8 वर्षे उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावर. संशोधन संस्थेतला तुल्य अनुभवही चालतो. मात्र जाहिरातीतल्या अटी शब्दन्‌शब्द वाचा. छाननी त्यांच्यावरच होते.

आता तक्ता. प्रत्येक पदाला एक ओळ: पदनाम, संस्था, नियुक्ती आदेशाचा क्रमांक व दिनांक, वेतनस्तर, कधीपासून कधीपर्यंत, आणि शेवटी वर्षे-महिने-दिवस. ‘2009 ते 2017’ असं मोघम लिहू नका, ‘15.06.2009 ते 31.08.2017, 8 वर्षे 2 महिने 17 दिवस’ असं लिहा. मोजणी जाहिरातीत दिलेल्या दिनांकापर्यंतच करा, आणि तो दिनांक नसेल तर अर्जाच्या अंतिम दिनांकापर्यंत. प्रत्येक ओळीपुढे जोडपत्राचा पान क्रमांक हवाच. छाननी करणाऱ्याला कागद शोधायला लावू नका.

घोटाळा इथेच होतो. सहायक प्राध्यापकाची एकूण 15 वर्षे झाली म्हणजे स्तर 11 ची 15 वर्षे झाली असं नव्हे, कारण नोकरी स्तर 10 पासून सुरू होते. म्हणून नुसत्या रुजू अहवालावर भागत नाही. कॅसमधल्या (अध्यापकांच्या पदोन्नती योजनेतल्या) प्रत्येक स्थाननिश्चितीचं, म्हणजे वरचा स्तर मिळाल्याचं पत्र लावा आणि वर्षे त्यात दिलेल्या दिनांकापासून मोजा. प्रभारी उपकुलसचिव म्हणून काम पाहिलं असेल तर कार्यभाराचा आदेश जोडा, पण मूळ पद आणि वेतनस्तर लपवू नका. अतिरिक्त कार्यभाराने काम केल्याचा पुरावा मिळतो, पद समकक्ष ठरतंच असं नाही. नोकरी वेगळ्या खात्यात असेल तर समकक्षतेसाठी वेतनस्तर आणि कामाचं स्वरूप नमूद केलेलं प्रमाणपत्र आस्थापना शाखेतून घ्या. पदवीला श्रेणी असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र विद्यापीठाकडून आधीच मागवा.

सेवेत असाल तर अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखांमार्फत जातो. ना हरकत प्रमाणपत्राची फाइल टेबलांवरून फिरायला वेळ लागतो, म्हणून जाहिरात वाचली त्याच दिवशी विनंतीपत्र द्या आणि आवक क्रमांक घ्या. जाहिरातीत मुभा असेल तर आगाऊ प्रत थेट विद्यापीठाला पाठवा. त्यावर ‘आगाऊ प्रत’ असं ठळक लिहा. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला आणि मागितले असतील तर गोपनीय अहवाल याच विनंतीत मागा. चौकशी चालू असेल तर तसं स्पष्ट लिहा. लपवलेली माहिती नियुक्तीनंतरही अंगाशी येते.

आरक्षित पदासाठी जात वैधता प्रमाणपत्र तपासा. एसएससीचं नाव, विवाहानंतरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव यांत फरक असेल तर राजपत्राची प्रत लावा.

मुलाखतीत आपल्या हातून गेलेल्या फायली कामी येतात. बैठकीची कार्यक्रमपत्रिका कशी लावली, इतिवृत्त कायम झाल्यावर कार्यवाही अहवाल कसा ठेवला, लेखाआक्षेपाचं (लेखापरीक्षणातल्या हरकतीचं) अनुपालन कसं केलं, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची क्रमवार नोंदवही) कशी तपासून घेतली, यातली दोन-तीन कामं दिनांकासह सांगता येतील अशी तयारी ठेवा. नवीन पद निर्माण करायला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते, हेही पक्कं असू द्या. पदभरतीचा विषय निघाला की बोलणं हमखास तिथवर जातं.