शेंगा, मका अन् सरकी ढेपीत बुरशीचं विष होऊ नये म्हणून काय करायचं

दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसली की आपण झटकतो, ऊन दाखवतो, अन् लयच खराब असला तं ढोरांपुढं टाकतो. हे बंद करा. बुरशी झटकल्या जाते, पण तिनं आत सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजूनही पुरतं जात नाही, अन् गाईच्या पोटातून ते दुधात उतरते, दूध उकळलं तरी राहते. १९७४ मध्ये अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत १०६ माणसं गेली.

ही बुरशी, अ‍ॅस्परजिलस फ्लेवस, वावराच्या मातीतच राहते, तिले हाकलणं होत नाही. पण विष ती सदानकदा बनवत नाही. ते विष बनवायचे पंचवीसेक जीन, म्हणजे बुरशीच्या पेशीतल्या आनुवंशिक सूचना, एकाच जागी लागून-लागून असतात अन् एएफएलआर नावाचा जीन त्यांचा मुकादम, तो उठला की बाकीचे कामाला लागतात. ३७ डिग्रीला बुरशी मस्त वाढते पण हे जीन थंडावतात, २८-३० डिग्री अन् ओल भेटली की जोरात. म्हणजे पावसाळ्यातली आपली बंद खोलीच समजा.

उन्हाळी भुईमुगाला शेवटचे तीन-चार आठवडे ताण बसू देऊ नका, लाईन रात्री येत असली तरी पाणी द्याच, कारण तापलेल्या कोरड्या मातीत विष शेंगेतच सुरू होते. उपटल्यावर वेल उलटे टाका, शेंगा वर. फुटक्या, किडक्या, पोचट शेंगा आधीच बाजूला काढा, जास्त विष त्यातच असते. शेंग कानाजवळ हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे, ओल ८ टक्क्यांच्या आत पाहिजे. मक्यासाठी कोरड्या बाटलीत दाणे अन् कोरडं मीठ टाकून दहा-पंधरा मिनिटं हलवा, मीठ काचेला चिकटलं तं माल अजून ओला आहे, भरू नका.

पोते लाकडी फळीवर, भिंतीपासून सोडून. ढेप पावसाळ्यात थोडी-थोडीच आणा, गाठी झालेली ढेप स्वस्तात भेटली तरी नको, अन् गव्हाणीतली भिजलेली उरलीसुरली रोज काढून टाका.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या कापसात एएफ३६ नावाची याच बुरशीची बिनविषारी जात सोडतात, तिचा विषाचा एक जीन डीएनएच्या एका अक्षरानं बिघडलेला असते, ती जागा धरते अन् विषारीला हटवते. पण म्हणून घरचा बुरशीचा माल वावरात फेकू नका, तो विषारी जातीचाच असू शकते.