बाइंडिंग बनवताना हेडर अडला तर

‘फेटल एरर: स्टडडेफ डॉट एच, फाइल नॉट फाउंड.’ सी शिकलेल्या माणसाला ही ओळ थापच वाटते. स्टडडेफ हा तर सीचा मूलभूत हेडर, तो नाही असं कधी होतं का? दोन मिनिटांपूर्वी जीसीसी या कंपायलरने तोच कोड मुकाट्याने कंपाइल केलेला असतो, आणि रस्ट भाषेचं बाइंडजेन हे टूल मात्र पहिल्याच ओळीत रुसून बसतं.

सीमध्ये लिहिलेली लायब्ररी रस्ट, जावा किंवा डार्टमधून वापरायची तर मध्ये एक दुभाष्या लागतो. त्यालाच बाइंडिंग म्हणतात. हाताने लिहिणं कंटाळवाणं आणि चुकांचं काम, म्हणून बाइंडजेन, जेएक्स्ट्रॅक्ट, एफएफआयजेन ही टूल्स हेडर फाइल (लायब्ररीतल्या फंक्शनांची आणि टाइपांची घोषणा असलेली डॉट एच फाइल) वाचून तो कोड आपोआप तयार करतात. ही तिन्ही टूल्स हेडर वाचायला लिबक्लँग, म्हणजे क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरची लायब्ररी, वापरतात. तुमच्या जीसीसीला ती काही विचारत नाहीत. म्हणजे तोच हेडर दुसऱ्याच घरात वाचला जातो: फोल्डर वेगळे, मॅक्रो (कंपाइल होण्याआधी बदलली जाणारी नावं) वेगळे, कधीकधी भाषाही वेगळी. तेव्हा हेडरला हात लावू नका. तुमच्या कंपायलरला जे दिसतं ते टूललाही दिसेल एवढंच करायचं आहे.

(कमांड इथे बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

पायरी १: वर स्क्रोल करा. चाळीस एरर दिसल्या तरी पहिलीच खरी धरा. एक टाइप सापडला नाही की तो वापरणारं प्रत्येक फंक्शन रडायला लागतं. शेवटची एरर कॉपी करून शोधत बसणं हा वेळ घालवायचा हमखास उपाय आहे.

पायरी २: टूलला बाजूला काढा. तोच हेडर थेट क्लँगला द्या: ‘क्लँग डॅश एफसिंटॅक्स-ओन्ली’, पुढे टूलला दिलेले सगळे फ्लॅग (कमांडला जोडायचे पर्याय) आणि हेडरचं नाव. इथेही तीच एरर आली तर टूल निर्दोष आहे, पुढच्या पायऱ्यांकडे जा. क्लँग गप्प राहिला आणि टूल मात्र ओरडलं, तर मशीनवर एलएलव्हीएमच्या (क्लँग ज्याचा भाग आहे त्या प्रकल्पाच्या) दोन-तीन आवृत्त्या आहेत का ते बघा. टूल भलतीच लिबक्लँग उचलत असण्याची शक्यता दाट. ‘लिबक्लँग अंडरस्कोअर पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हव्या त्या लायब्ररीचा फोल्डर लिहा.

पायरी ३: स्टडडेफ, स्टडआर्ग, स्टडबूल सापडत नसतील तर. गंमत अशी की हे हेडर सीच्या लायब्ररीबरोबर येत नाहीत, प्रत्येक कंपायलर आपापले घेऊन येतो. क्लँगची प्रत त्याच्या रिसोर्स डिरेक्टरीत असते. नुसती लिबक्लँगची लायब्ररी मशीनवर आली आणि ही डिरेक्टरी आली नाही, की सुरुवातीची ती ओळ दिसते. डेबियन किंवा उबुंटूवर ‘क्लँग’ हे पूर्ण पॅकेज टाकलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. न मिटल्यास ‘क्लँग डॅश प्रिंट-रिसोर्स-डिर’ ही कमांड चालवा. जो पाथ येईल त्याच्या आतला इन्क्लूड फोल्डर ‘बाइंडजेन अंडरस्कोअर एक्स्ट्रा अंडरस्कोअर क्लँग अंडरस्कोअर आर्ग्ज’ या व्हेरिएबलमधून डॅश आय (हेडर शोधायचा फोल्डर सांगणारा फ्लॅग) लावून द्या.

इथे बरेच जण जीसीसीच्या फोल्डरातला स्टडडेफ दाखवून मोकळे होतात. चालतंही. पण त्याच फोल्डरात प्रोसेसरच्या खास सूचनांचे हेडर असतात. त्यांत जीसीसीचे स्वतःचे बिल्टइन (कंपायलरमध्येच असलेली फंक्शन्स) वापरलेले असतात आणि क्लँगला ते ओळखता येत नाहीत. आज नाही तर पुढच्या लायब्ररीला हे अंगाशी येतं.

मॅकवर एसटीडीआयओ हा सीचा इनपुट-आउटपुटचा हेडरच सापडत नसेल तर कारण वेगळं. २०१८ च्या मोहावे, म्हणजे १०.१४ आवृत्तीपासून स्लॅश यूएसआर स्लॅश इन्क्लूड हा फोल्डर आपोआप येणं बंद झालं. ‘एक्ससीरन डबल-डॅश शो-एसडीके-पाथ’ जो पाथ देईल तो ‘डॅश आयसिसरूट’ला जोडा.

पायरी ४: लायब्ररीचाच हेडर सापडत नसेल तर. जीलिब या सी लायब्ररीचं उदाहरण घ्या. जीलिब डॉट एच सापडतो, पण त्याने मागितलेला जीलिबकॉन्फिग डॉट एच सापडत नाही. तो शेजारी नसतोच. पहिला असतो यूएसआर-इन्क्लूडखालच्या जीलिब-२.० फोल्डरात, दुसरा यूएसआर-लिबखाली. कारण जीलिबकॉन्फिग त्या त्या मशीनसाठी बिल्डच्या वेळी तयार होतो, कोणता टाइप किती बाइटचा वगैरे त्यात लिहिलेलं असतं. फाइल इकडून तिकडे कॉपी करू नका. ‘पीकेजी-कॉन्फिग डबल-डॅश सीफ्लॅग्ज जीलिब-२.०’ म्हणा, दोन्ही फोल्डर डॅश आय लावून हातात मिळतात.

ते रस्टच्या बिल्ड डॉट आरएस या बिल्डच्या फाइलमध्ये देताना एक बारीक खड्डा आहे, मी त्यात पडलो आहे. बाइंडजेनच्या क्लँग-आर्गला एकाच स्ट्रिंगमध्ये ‘डॅश आय, स्पेस, पाथ’ असं दिलं, तर ते तोडून द्यायला मध्ये शेल नसतो. क्लँग त्या स्पेसपासून सुरू होणाऱ्या नावाचा फोल्डर शोधतो. तसा फोल्डर अर्थातच नसतो, आणि एररमध्ये ती स्पेस काही दिसत नाही. डॅश आय आणि पाथ चिकटवून लिहा, नाहीतर दोन वेगळे आर्ग्युमेंट द्या.

पायरी ५: ‘अननोन टाइप नेम फाइल’. हेडर सापडला, पण तो स्वतःच्या पायावर उभा नाही. नमुना म्हणजे लिबजेपेग, जेपेग चित्रांसाठीची १९९१ पासूनची लायब्ररी. तिचा जेपेगलिब डॉट एच ‘फाइल’ आणि ‘साइज-टी’ हे टाइप वापरतो, पण त्यांच्यासाठी एसटीडीआयओ स्वतः आणत नाही. तो आधी इन्क्लूड करा, असं लायब्ररीच्या दस्तऐवजात सरळ लिहिलं आहे. सीच्या प्रोग्रॅममध्ये एसटीडीआयओ वर असतोच, म्हणून कुणाला जाणवत नाही. टूलला मात्र आपण एकटा जेपेगलिब देतो.

उपाय दोन ओळींचा. रॅपर डॉट एच नावाची फाइल करा, पहिल्या ओळीत एसटीडीआयओ इन्क्लूड करा, दुसरीत जेपेगलिब, आणि टूलला ही फाइल द्या. खरं तर कुठल्याही लायब्ररीसाठी सुरुवात रॅपरनेच करावी. लायब्ररीला लागणारे डिफाइनही तिथेच वर लिहिता येतात.

पायरी ६: ‘अननोन टाइप नेम नेमस्पेस’. हा सी प्लस प्लसचा हेडर आहे. शेपटी डॉट एच असल्यामुळे क्लँगने त्याला सी समजून वाचला. ‘डॅश एक्स सी प्लस प्लस’ आणि हवं ते स्टँडर्ड, उदाहरणार्थ ‘डॅश एसटीडी बरोबर सी प्लस प्लस १७’, असे फ्लॅग द्या. बाइंडजेनच्या कमांडमध्ये क्लँगचे फ्लॅग सुट्या डबल-डॅशनंतर येतात. पण पार्स झालं म्हणून हुरळून जाऊ नका. टेम्प्लेटने भरलेल्या लायब्ररीचं बाइंडिंग निघालं तरी वापरण्याजोगं असेलच असं नाही. तिथे एक्स्टर्न सीवाला, म्हणजे बाहेरून साध्या सीसारखा दिसणारा, पातळ रॅपर हाताने लिहिणं मला जास्त परवडतं.

पायरी ७: पायथनवाल्यांसाठी. सीएफएफआय आणि स्विग या बाइंडिंगच्या टूल्सचं दुखणं निराळं, कारण दोघेही लिबक्लँग वापरत नाहीत. सीएफएफआयच्या मागे पायसीपार्सर हा सी वाचणारा पार्सर आहे. तो प्रीप्रोसेसर (इन्क्लूड आणि मॅक्रो उलगडणारा टप्पा) चालवत नाही, म्हणून अख्खा हेडर सीएफएफआयच्या सीडेफ या फंक्शनमध्ये चिकटवला की इन्क्लूडच्या ओळीवर किंवा जीसीसीच्या अॅट्रिब्यूटवर अडतो. लागणारी दहा फंक्शन्स निवडून तेवढीच हाताने उतरवा. एपीआय मोडमध्ये स्ट्रक्टचे नको ते फील्ड तीन टिंबांवर सोडता येतात. स्विग तर हेडरमधल्या इन्क्लूडच्या मागे आपणहून जातच नाही. त्यामुळे फंक्शनच्या आधी लावलेला एक्स्पोर्टचा मॅक्रो त्याला ठाऊक नसतो आणि सिंटॅक्स एरर येते. स्विगला द्यायच्या डॉट आय फाइलमध्ये तो मॅक्रो रिकामा डिफाइन केला की काम होतं.

पायरी ८: एरर गेली, आता तपासा. सगळ्यात महागात पडतो तो मुकाट्याने चुकलेला हेडर. ६४ बिटच्या लिनक्सवर ‘लाँग’ ८ बाइटचा, ६४ बिटच्या विंडोजवर ४ बाइटचा. लॅपटॉपवर बाइंडिंग काढून दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी बिल्ड करायचं असेल तर ‘टार्गेट’ (कोणता प्लॅटफॉर्म) आणि ‘सिसरूट’ (त्याचे हेडर असलेला फोल्डर) हे दोन्ही फ्लॅग हवेतच. बाइंडजेन स्ट्रक्टच्या मापांच्या लेआउट टेस्ट तयार करून देतं, त्या बंद करू नका.

मग लागणाऱ्या फंक्शनांची यादी घेऊन तयार झालेल्या फाइलमध्ये एकेक नाव शोधा. आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो तिथे नसतील आणि स्टॅटिक इनलाइन फंक्शन्सही आपोआप येत नाहीत. दोन्हींसाठी एरर येत नाही, ती फक्त गायब असतात. तेवढ्यांपुरती सीमध्ये साधी फंक्शन्स लिहून त्यांची घोषणा त्याच रॅपर डॉट एचमध्ये टाका आणि टूल पुन्हा चालवा.