पुरुष प्रजननसंस्थेतल्या साहाय्यक ग्रंथी: बारावीच्या पेपरात या चुका टाळा

पेपर तपासताना हा धडा आला की लाल पेन सुटत नाही. चुका दरवर्षी त्याच.

सगळ्यात वाईट चूक आकृतीत. पुरस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, मुलं मूत्रमार्गाच्या शेजारी काढतात. काही महाभाग तर दोन काढतात. ती एकच असते, मूत्राशयाच्या लगेच खाली, आणि मण्यातून दोरा जावा तसा मूत्रमार्ग तिच्यातून जातो. तोंडी परीक्षेत एका हुशार मुलाला विचारलं, "ही ग्रंथी वाढली की म्हाताऱ्यांची लघवी का अडते?" त्याने स्राव, टक्केवारी सगळं घडाघडा म्हटलं. कारण काही सांगता येईना. वर म्हणतो, "सर, आजोबांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय, पण ते लघवीचं होतं, या धड्यातलं नाही." वही मागवली. ग्रंथी मूत्रमार्गापासून बोटभर लांब! ती कशी काय दाबणार त्याला?

म्हणून मी समोरून दिसणारी आकृती आधी काढूच देत नाही. आधी पेन्सिलीने बाजूने: मूत्राशय, त्याच्या मागे शुक्राशय, खाली पुरस्थ ग्रंथी. शुक्राशयाची नळी शुक्रवाहिनीला, म्हणजे शुक्राणू वर आणणाऱ्या नळीला, मिळते, त्यातून स्खलनवाहिनी होते आणि ती पुरस्थ ग्रंथीत शिरून मूत्रमार्गाला मिळते. कंटाळा येतो, येऊ दे. आयत्या नोट्सचे फोटो काढून हे डोक्यात जात नाही.

शुक्राशयात शुक्राणू साठत नाहीत. ते अधिवृषणात, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीत, साठतात. शुक्राशय स्राव तयार करतं, वीर्याचा सुमारे 60 टक्के भाग. हे न कळलेला मुलगा पुढे बेधडक लिहितो, 'नसबंदीनंतर वीर्य तयार होत नाही.' अरे, कापतात शुक्रवाहिनी. ग्रंथी चालूच असतात, प्रमाणात फारसा फरक पडत नाही. फक्त शुक्राणू नसतात.

'सगळे स्राव अल्कलाइन' हे रील्समधलं ज्ञान. पुरस्थ ग्रंथीचा स्राव किंचित ॲसिडिक असतो, त्यात सायट्रिक ॲसिड असतं.

काऊपर्स ग्रंथी दोन, वाटाण्याएवढ्या, पुरस्थ ग्रंथीच्या खाली. वर नाही.

फ्रुक्टोज, म्हणजे वीर्यातली साखर, त्यापुढे नुसतं 'पोषण' लिहून मोकळे होऊ नका. ते शुक्राशयातून येतं आणि शुक्राणूंना ऊर्जा देतं. वीर्य कमी, त्यात शुक्राणूही नाहीत आणि फ्रुक्टोजही नाही, असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना दोन शंका येतात: स्खलनवाहिनी बंद आहे, किंवा शुक्राशय जन्मतःच नाहीत.